अर्ध्यावर सोडलेले वाक्य

झुंझारराव हा हलक्या कानाचा माणूस होता, असे माझ्या वडिलांचे ठाम मत होते. एवढा नावाजलेला लढवय्या, आणि एका रुमालावरून स्वतःच्या बायकोचा जीव घेतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही. आम्ही हरिपूरचे. गोविंद बल्लाळ देवल १८५५ साली आमच्याच गावात जन्मले, त्यामुळे त्यांच्या सातही नाटकांवर बोलण्याचा हक्क हरिपुरातल्या प्रत्येकाला जन्मतःच मिळतो, अशी आमची समजूत आहे. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ला देवलांनी १८९० साली मराठी वेष चढवला, तो ‘झुंझारराव’. त्याआधी महादेवशास्त्री कोल्हटकरांनी केलेले भाषांतर १८६७ सालीच छापले गेले होते. पण वडिलांच्या लेखी ऑथेल्लो नावाचा कोणी नव्हताच, होता तो झुंझारराव, आणि डेस्डिमोनाही नव्हती, होती ती कमळजा. अशा ठाम मताच्या माझ्या वडिलांनी सख्ख्या धाकट्या भावाशी अकरा वर्षे बोलणे टाकले होते, आणि त्याला रुमालाएवढेही कारण नव्हते.

पुढे सांगलीतल्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यात माझी एकोणतीस वर्षे गेली आणि त्यातली बरीच वर्षे हे नाटक अभ्यासक्रमाला होते. तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश मी किती वेळा शिकवला असेल, याची मोजदाद नाही. मोठ्याने वाचला तर हा प्रवेश अर्ध्यापाऊण तासात संपतो. त्याच्या सुरुवातीला ऑथेल्लो डेस्डिमोनाकडे पाहत म्हणतो की, तुझ्यावरचे माझे प्रेम ज्या दिवशी संपेल त्या दिवशी ही सृष्टी पुन्हा अंधाधुंदीत जाईल; आणि प्रवेश संपतो तेव्हा तोच माणूस गुडघे टेकून सुडाची शपथ घेत असतो. एवढ्या वेळात त्याच्या हाताखालच्या, विश्वासातल्या इयागोने त्याला सांगितले तरी काय, असे मी मुलांना विचारत असे. मुले पाने चाळत आणि उत्तर आणत, की त्याने डेस्डिमोनावर आरोप केला. मग मी म्हणे, ती ओळ दाखवा. प्रवेशाचा जवळजवळ अर्धा भाग ओलांडेपर्यंत तशी एकही ओळ सापडत नसे.

सुरुवात होते ती अशी. ऑथेल्लोचा बडतर्फ झालेला दुय्यम अधिकारी कॅसिओ आपली रदबदली करावी म्हणून डेस्डिमोनाला भेटतो आणि ऑथेल्लो येताना दिसताच शरमेने निघून जातो. इयागो पुटपुटतो, हे काही मला बरे दिसत नाही. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? इयागो म्हणतो, काही नाही सरकार. किंवा जर, छे, मलाच ठाऊक नाही. या उत्तरातला ‘जर’ मला फार महत्त्वाचा वाटतो. काहीच नाही म्हणून तो थांबला असता तर विषय तिथेच संपला असता. त्याने ‘जर’ म्हटले आणि ‘तर’ म्हटले नाही. तो ‘तर’ शोधण्याचे काम ऑथेल्लोच्या पदरात पडले, आणि पुढचे सगळे नाटक म्हणजे त्याने केलेला हा शोधच आहे.

मग प्रश्नोत्तरे होतात, पण ती उलट्या दिशेने चालतात. कॅसिओ प्रामाणिक आहे ना, असे ऑथेल्लो विचारतो; इयागो म्हणतो, प्रामाणिक, सरकार? तुला काय वाटते, असे विचारले की तो म्हणतो, वाटते, सरकार? विहिरीत तोंड घालून हाक मारावी आणि आपलाच आवाज थोडा जड होऊन वर यावा, तसा हा प्रकार आहे. ऑथेल्लो चिडून म्हणतो की, हा माझेच शब्द मला परत करतो आहे, जणू याच्या मनात दाखवता येऊ नये असे एखादे अक्राळविक्राळ जनावर दडले आहे. ते जनावर इयागोने दाखवलेले नाही. ते आहे असे ठरवले ऑथेल्लोनेच, आणि ज्या अर्थी हा प्रामाणिक माणूस ते दाखवत नाही त्या अर्थी ते भयंकर असणार, हा तर्कही त्याचाच. या नाटकात ‘प्रामाणिक’ आणि ‘प्रामाणिकपणा’ हे शब्द पन्नासाहून अधिक वेळा येतात आणि त्यातला मोठा वाटा इयागोच्या वाट्याला जातो. ही पुण्याई त्याने आधीच जमवून ठेवलेली असते. दुसऱ्या अंकात दारूच्या नशेत कॅसिओ मारामारी करतो, तेव्हा साक्ष द्यायला इयागोला पुढे बोलावतात. कॅसिओचे वाईट बोलण्यापेक्षा माझी जीभ तुटलेली बरी, अशी प्रस्तावना करून तो सगळी हकिगत सांगतो. आणि ऑथेल्लो म्हणतो, मित्रावरच्या प्रेमामुळे तू त्याचा गुन्हा हलका करून सांगतो आहेस. न सांगितलेले नेहमी सांगितलेल्यापेक्षा मोठे असते, हा धडा इयागोने तिथेच गिरवून घेतलेला असतो.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त ‘आक्षेप’ नावाचा एक अलंकार आहे. जे बोलायची इच्छा आहे तेच, काही विशेष सुचवण्यासाठी, बोलायचे नाकारणे म्हणजे आक्षेप. विरहिणीची सखी नायकाला म्हणते, तिची अवस्था तुला सांगणार होते, पण जाऊ दे, सांगत नाही. आणि त्या ‘सांगत नाही’मध्ये सगळी अवस्था येते. संस्कृतातल्या या नाजूक अलंकाराचे नाव मराठीत मात्र ‘हरकत’ आणि ‘दोषारोप’ एवढ्याच अर्थाने उरले. हा प्रवास कसा झाला हे भाषाशास्त्रज्ञ सांगतील. मला मात्र त्यात आपल्या लोकांचा अनुभव दिसतो. कवितेत ज्या अध्याहृताची आपण चव घेतो, रसिकाने ते पूर्ण करावे म्हणून कवी जी जागा मोकळी ठेवतो, तशीच जागा इयागोही मोकळी ठेवतो. फरक एवढाच की, कवितेतली जागा भरल्यावर आपल्याला आनंद होतो, आणि इथे जागा भरणाऱ्याला वाटते की आपल्याला काहीतरी कळले.

या प्रवेशात एक क्षण असा आहे की, त्यावर पुरेसे बोलले जात नाही अशी माझी तक्रार आहे. इयागोने तोवर मत्सरापासून सावध राहा असे बजावून मत्सर हा शब्द ऑथेल्लोच्या कानी घातलेला असतो. हिने बापालाही फसवले होते, ही गोष्टही त्याने आठवून दिलेली असते. ही गोष्ट खोटी नाही. तिच्या बापाने, ब्राबान्शिओने, पहिल्या अंकात हाच इशारा भर सभेत दिला होता, आणि तेव्हा ऑथेल्लोने तो झटकून टाकला होता. आता मात्र तो स्वतःशीच बोलू लागतो, तरीही, निसर्ग आपली वाट सोडून जेव्हा... आणि थांबतो. वाक्य अर्ध्यावर सोडणारा या वेळी तो आहे. आणि इतका वेळ वाक्ये अर्ध्यावर सोडत आलेला इयागो झटकन म्हणतो, हो, मुद्दा तोच आहे! मग तो लांबलचक, नीट बांधलेले बोलतो: स्वतःच्या देशाचा, वर्णाचा, दर्जाचा मुलगा नाकारून हिने याला निवडले यातच काही विकृती नाही का, असे तो त्याच्या तोंडावर म्हणतो. एरवी या शब्दांसाठी ऑथेल्लोने तलवार उपसली असती. पण वाक्याची सुरुवात त्याची स्वतःची होती, मग शेवट परका कसा म्हणणार?

वडिलांचे ‘हलक्या कानाचा’ हे निदान मला इथे चुकीचे वाटते. हलक्या कानाच्या माणसाला कोणीही काहीही सांगावे आणि त्याने मानावे. ऑथेल्लो तसा नाही. पहिल्या अंकात व्हेनिसच्या सभेपुढे, जादूटोण्याने मुलगी पळवल्याच्या आरोपाला उत्तर देताना, तो आधी माझी भाषा रांगडी आहे असे म्हणतो आणि मग आपल्या आयुष्याची कहाणी इतकी सुरेख सांगतो की, ड्यूक म्हणतो, या कहाणीने माझीही मुलगी वश झाली असती. मन वळवण्याची विद्या त्यालाही येते. मात्र त्याची सवय पूर्ण गोष्टीची आहे, जिला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो, जी सगळ्यांदेखत सांगता येते आणि जिच्यावर सभेत प्रश्नही विचारता येतात. आपल्या मंथरेचेही तसेच आहे. रामाच्या अभिषेकाची वार्ता ऐकून कैकेयी आनंदाने तिला अलंकार देते आणि मंथरा तो झिडकारून तिला एकेक मुद्दा उलगडून सांगते. ते बोलणे दुष्ट आहे, पण ते बोलणे आहे. कैकेयीला वाटले असते तर एकेका मुद्द्याला उत्तर देता आले असते, आणि पहिल्यांदा ती देतेही. न केलेल्या विधानाला उत्तर कसे द्यायचे, हे ऑथेल्लोला रणांगणात कोणी शिकवलेले नव्हते.

आमच्या अंगणातला प्रवेश १९७८ सालच्या उन्हाळ्यातला आहे. तेव्हा मी दहा वर्षांची होते. ज्यांनी हरिपूर पाहिले नाही त्यांना सांगायला हवे की, कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात त्या संगमेश्वरासाठी जसे आमचे गाव ओळखले जाते तसेच ते हळदीच्या पेवांसाठीही ओळखले जाई. पेव म्हणजे जमिनीत खणलेले कोठार, तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढे आणि आत ऐसपैस. हवा लागत नाही म्हणून त्यात हळद वर्षानुवर्षे किडीविना राहते, आणि त्याच कारणाने पेव उघडल्याबरोबर आत कोणी उतरत नाही. तोंड बराच वेळ मोकळे ठेवायचे, मग कंदील सोडून पाहायचा. कंदील विझला तर अजून थांबायचे. आमची पेवे घरची होती. हिशेब वडील लिहीत, सांगलीच्या सौद्यांना काका जात. त्या वर्षी पेव उघडायच्या दिवशी वडील तापाने अंथरुणाला खिळले होते, म्हणून काकांनी हमाल घेऊन एकट्यानेच माल काढला.

दोन दिवसांनी गावातले एक गृहस्थ विचारपूस करायला आले. त्यांचे नाव लिहीत नाही. सरळ माणूस अशी त्यांची ख्याती होती आणि ती खोटी होती असे मी आजही म्हणणार नाही. दुसऱ्याच्या पैला कधी हात लावला नाही की चावडीवर कोणाशी तंटा केला नाही. मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते, त्यामुळे सगळे मला जसेच्या तसे आठवते.

“पेव उघडलं म्हणे, अण्णा.”

“हो. धाकट्यानं उघडलं. मी पडून होतो.”

“असं. तुम्ही नव्हता होय तिथं?”

“नव्हतो. का?”

“का म्हणजे? काही नाही. ताप उतरला ना तुमचा, बास झालं.”

चहा झाला, पावसाच्या गोष्टी झाल्या. उठताना, चप्पल पायात सरकवताना ते म्हणाले, “धाकटे चांगले आहेत हो. चांगलेच आहेत. माझं म्हणणं तसं नाही.”

‘तसं’ म्हणजे कसे, हे वडिलांनी विचारले नाही. त्या रात्री त्यांनी कंदिलाच्या उजेडात वह्या काढल्या. दोन-तीन पोत्यांचा फरक निघाला. तो दर वर्षीच निघत असे, कारण फाटक्या पोत्यांतली हळद दुसऱ्या पोत्यांत ओतून घ्यायची आमच्याकडे रीत होती, आणि ही रीत वडिलांनीच पाडली होती. पण त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांना तो फरक दिसला. पुढच्या चार महिन्यांत काकांचे नवे सायकल घेणे दिसले, काकूच्या माहेरी जाणे दिसले, काकांचे सौद्याहून उशिरा येणे दिसले, आणि काका खाली मान घालून जेवू लागले हेही दिसले. ते का खाली मान घालतात याचे कारण वडिलांचे बदललेले तोंड होते, हे मात्र दिसले नाही. दिवाळीच्या आधी चुली वेगळ्या झाल्या. आजीने रडून विचारले, तुझ्या डोक्यात हे कोणी भरवले? तेव्हा वडील म्हणाले, “मला कुणी काही सांगितलं नाही. मला माझे डोळे आहेत.”

ते खोटे बोलत नव्हते. हे वाक्य मला पुढे वर्गात नेहमी आठवे. ऑथेल्लोही इयागोची गचांडी धरून म्हणतो की, मला डोळ्यांनी दिसेल असा पुरावा दे; आणि तोवर त्याचे डोळे त्याचे राहिलेले नसतात. कोणी सांगितलेल्या गोष्टीवर माणूस संशय घेऊ शकतो. आपल्याला स्वतःला सुचलेल्या गोष्टीचा तो अभिमान धरतो.

असे झाले की पुरावा कशाचाही चालतो. ऑथेल्लोने डेस्डिमोनाला दिलेला रुमाल इयागोची बायको एमिलिया उचलते, नवऱ्याने तो शंभरदा मागितला होता म्हणून. त्या रुमालावर नक्षी असते स्ट्रॉबेरीची, आणि एका माणसाच्या हातात तो दिसला एवढ्यावर दोन जिवांचा निकाल लागतो. (या रुमालाचा इतिहास ऑथेल्लो दोनदा सांगतो: एकदा तो एका इजिप्शियन स्त्रीने आपल्या आईला दिला म्हणून, आणि शेवटच्या अंकात आपल्या वडिलांनी आईला दिला म्हणून. शेक्सपिअरची नजरचूक की ऑथेल्लोची थाप, यावर माझ्या वर्गात दर वर्षी भांडण होई. मी थापेच्या बाजूची. पूर्ण गोष्ट सांगणारा माणूसही आता परिणामासाठी गोष्ट बदलू लागला आहे, असे मला वाटते.) जुन्या बाजारांत रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरवण्याची चाल होती, असे वडील सांगत. वर तोंडाने गप्पा पाऊसपाण्याच्या, आणि खरा व्यवहार कापडाखाली. मला हा दाखला वर्गात फार उपयोगी पडे. तो कोणाकडून मिळाला, हे मी मुलांना कधी सांगितले नाही.

देवलांकडे परत येते, कारण याच माणसाने संशयाचे दुसरेही नाटक लिहिले. १८९३ साली त्यांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले आणि त्यालाच पुढे पदांची जोड देऊन १९१६ साली ‘संशयकल्लोळ’ झाले. तिथे रुमालाच्या जागी एक तसबीर आहे. फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो, कृत्तिका नवऱ्यावर, अश्विनशेठ रेवतीवर. झुंझाररावाला पुरून उरेल इतका संशय त्या एका नाटकात आहे, आणि आपण हसून हसून बेजार होतो. मला वाटते याचे कारण सोपे आहे. ‘संशयकल्लोळा’त प्रत्येक जण आपला संशय ओरडून सांगतो. त्यात वाक्ये पुरी होतात, तीही तारस्वरात. मग समोरचा तितक्याच जोरात उलट बोलतो आणि गाठ कुठेतरी सैल होते. ऑथेल्लो डेस्डिमोनाला रुमाल कुठे आहे असे पुन्हा पुन्हा विचारतो, पण तुझा कॅसिओशी संबंध आहे का, हे सरळ विचारायला तो शेवटच्या रात्रीपर्यंत थांबतो, आणि तेव्हा तिचे उत्तर ऐकायला वेळ उरलेला नसतो. आमच्या घरी ओरडाआरडा झाला असता तर फार बरे झाले असते. आमचे लोक मानी निघाले.

इयागोने हे का केले, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. तो स्वतः कारणे देतो: बढती हुकली, बायकोबद्दल कुजबूज ऐकली. ती इतकी आहेत की, एकावरही विश्वास बसत नाही. इंग्रज कवी आणि समीक्षक कोलरिजने त्याला हेतू नसलेल्या दुष्टपणाने हेतूंची केलेली शोधाशोध म्हटले. मी तरुण असताना मला हे वाक्य फार खोल वाटे. मग एकदा आमच्या शिक्षकांच्या खोलीत एका सहकारी बाईंच्या नेमणुकीचा विषय निघाला आणि प्रमुखांनी मला विचारले, “तुमचं काय मत आहे, मॅडम?” मी म्हणाले, “हुशार आहेत. बाकी... जाऊ दे, माझं बोलणं बरं दिसणार नाही.” माझ्याकडे बोलण्यासारखे काहीही नव्हते. त्या बाईंशी माझे वैर नव्हते, त्यांच्या जागेवर माझा डोळा नव्हता. वाक्य अर्ध्यावर सोडल्यावर खोलीतले चार चेहरे माझ्याकडे वळले आणि मला क्षणभर, लिहायला लाज वाटते, छान वाटले. नेमणूक झाली नाही. त्यानंतर मी तो प्रवेश शिकवला तेव्हा हेतूंवरची टिपणे वाचून दाखवली नाहीत.

आजी गेली तेव्हा दोघे भाऊ खांदा द्यायला एकत्र आले आणि बोलणे सुरू झाले. हिशेब कोणी काढला नाही. २००५ च्या महापुरात गावची पेवे पाण्याखाली गेली, त्यात आमचीही गेली, आणि वहीत लिहायलाही काही उरले नाही. वडील गेल्यावर, दिवसकार्य उरकून सांगलीला परतण्याच्या आदल्या संध्याकाळी, मी त्या गृहस्थांना भेटायला गेले. नव्वदीला टेकले होते. नजर अधू झालेली, पण आवाज स्पष्ट. इकडचेतिकडचे बोलून झाल्यावर मी त्यांना सरळ विचारले, की त्या वर्षी तुम्ही अण्णांना काकांबद्दल काही सांगितले होते का.

नाटकाच्या शेवटी इयागोला पकडून आणतात, तेव्हा याने हे का केले ते याला विचारा, असे ऑथेल्लो म्हणतो. इयागो म्हणतो, मला काही विचारू नका. तुम्हाला जे कळले ते कळले. यापुढे मी एक शब्दही बोलणार नाही. आमचे गृहस्थ तसे गप्प बसले नाहीत. ते मनापासून चकित झाले.

“मी? मी काय सांगणार? मी तर म्हटलं होतं, धाकटे चांगले आहेत. काकांना विचार हवं तर.”

ते खरेच बोलत होते. मी विषय सोडून दिला, नमस्कार केला आणि उठले. दाराशी आले तेव्हा आतून आवाज आला, “तुझी बहीण हल्ली काकांकडं बरीच असते, नाही? छान आहे. सहज विचारलं.”

आणि तो प्रवेश इतकी वर्षे शिकवलेली मी, चप्पल पायात सरकवता सरकवता, मागे वळून म्हणाले, “का हो?”